एक नंबरची बरणी

१

कपाट फोडलेलं नव्हतं. किल्लीनं उघडलेलं आणि किल्लीनंच पुन्हा लावलेलं होतं. वरच्या कप्प्यात संमतीपत्रांचे गठ्ठे होते, मधल्या कप्प्यात रक्त घ्यायच्या सुया आणि रिकाम्या नळ्यांची खोकी. खालचा कप्पा मोकळा होता.

मोकळा आहे हे दिसत असूनही डिंपल गुडघ्यांवर बसली आणि तिनं पार मागच्या पत्र्यापर्यंत हात फिरवला. हाताला एक कागदी चिठ्ठी लागली. दोरा ओवलेली, तिच्याच अक्षरातली. क्रमांक १.

"ज्योती, बरणी तू हलवलीस का?"

ज्योती दारात झाडू घेऊन उभी होती. "कोणती बरणी, ताई?" असं म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिचा हात खाली गेला. त्या खोलीत बरणी एकच होती.

तिच्यात डिंपलच्या वडिलांचा लहान मेंदू होता.

जीवराम सर, डिंपलचे अण्णा, रावेरच्या शाळेत गणित शिकवायचे. ऐन उमेदीत त्यांची चाल गेली. गावात त्या आजाराला तेवढंच नाव होतं, चाल जाणं. आधी पाय फाकवून टाकायचे, मग भिंतीला हात, मग जीभ जड, आणि शेवटी घास घशाखाली उतरेना. पहिली काही वर्षं गावाला वाटायचं, मास्तर प्यायला लागले. मुंबईच्या डॉक्टरांकडेही आजाराला नाव नव्हतं. तिथल्या रुग्णालयाच्या बाकावर डिंपलला धुळ्याचे चुडामणभाऊ भेटले. त्यांची बायको अगदी अण्णांसारखेच पाय टाकत होती. दोन घरं, नातं ना गोतं, आणि चाल एकच. त्या बाकावरच 'पाऊल' ही संस्था ठरली. कॉलेजात मराठी शिकवणारी डिंपल, पाइप-मोटारींचं दुकान चालवणारे चुडामणभाऊ आणि अध्यक्ष म्हणून स्वतः आजारी असलेले अण्णा.

सुट्टीच्या दिवशी ते चोपडा, रावेर, शिरपूर अशा तालुक्यांतली गावं हिंडायचे. सुरुवातीला दारं उघडत नसत. घरात असा माणूस आहे म्हटलं की पोरींची लग्नं अडणार. मग एकदा अण्णाच शाळेच्या खोलीत दोघांच्या खांद्यांवर हात टाकून उभे राहिले, खोलीभर चालून दाखवलं आणि जड जिभेनं म्हणाले, "मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. ही चाल बघा, आणि तुमच्या घरात अशी कुणाची आहे ते सांगा." त्या दिवसापासून घरं बोलू लागली. रक्ताचे नमुने जमले. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेनं त्यातून एका जनुकावर बोट ठेवलं. पण ते बोट बरोबर जागी आहे की नाही, हे मेंदूचा तुकडा पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

"मी गेलो की उघडून बघा," अण्णा म्हणाले होते. "नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क मिळत नाहीत. रीत दाखवावी लागते."

भाद्रपदात ते गेले. परवानग्यांचे कागद होईपर्यंत चैत्र संपला. औषधी द्रावातली ती बरणी, झाकणावर डॉक्टरांच्या सहीचं सील लावून, तेवढे महिने 'पाऊल'च्या जळगावच्या खोलीत, या कपाटात होती. हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या बाई आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी ती न्यायला येणार होत्या. आखाजी परवावर आली होती.

डिंपलनं चिठ्ठी मुठीत धरली. बरणी नसेल तर प्रयोगशाळा हात आखडता घेईल. मरणोत्तर मेंदू द्यायला कबूल झालेली घरं विचारतील, तुम्ही आपल्या बापाला सांभाळलं नाही, आमच्या माणसाला काय सांभाळाल? पण हे सगळं नंतरचं. गेल्या महिन्यात रावेरच्या घरी धाकटा भाऊ भूपेंद्र माळ्यावरून उतरत होता, तेव्हा त्याचा डावा हात भिंतीला होता. त्याला वाटलं, कुणी पाहिलं नाही.

२

"पोलिसांत जायचं का?" ज्योतीनं विचारलं.

"उद्याच्या पेपरात काय छापून येईल? मास्तरांचा मेंदू चोरीला. मग आपल्याला गावात कोण उभं करील?"

ज्योतीनं झाडू भिंतीला लावला. ती चोपड्याची. तिचा नवरा झुलाल याची चाल दोन वर्षांपूर्वी गेली. 'पाऊल'ची ती पहिली आणि एकुलती पगारी माणूस. गेल्या आठवड्यात बरणीच्या प्रवासासाठी खास पेटी आली, तेव्हा ती एकदम बोलून गेली होती, "मेलेल्याचं एवढं जपता, जित्यांचं काय?" ते वाक्य आता दोघींच्याही मनात होतं, आणि आपल्यासारखंच ते दुसरीच्याही मनात आहे हे दोघींना कळत होतं.

"विचारा ना, ताई," ज्योतीच म्हणाली. "किल्ली माझ्याकडे पण असते."

"विचारते. तू नेलीस का?"

"नाही. चिडले होते, ते खरं. पण रागानं काही न्यायचंच असतं तर मी माझ्या माणसाच्या रक्ताची नळी नेली असती. माझ्याच हातानं ठेवलेली आहे, कुठली ते शोधावंही लागलं नसतं. बघा फ्रीज उघडून."

डिंपलनं उघडला. झुलालची नळी जागेवर होती. साऱ्याच होत्या.

"किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

"तुमची, माझी, चुडामणभाऊंची. आणि सरांची होती ना एक?"

"ती त्यांच्या कपड्यांबरोबर गेली असेल."

ज्योती कपाटाशी वाकली आणि तशीच थांबली. "ताई, शनिवारी मी इथं फरशी पुसून गेले होते. काल रविवार, आपण आत्ताच आलो. मग हे काय?"

कपाटासमोर फरशीवर तपकिरी, पातळ, सुरकुतलेल्या चिंध्या पडल्या होत्या. डिंपलनं एक उचलली. रावेरकडच्या माणसाला ती ओळखायला वास घ्यावा लागत नाही. केळीचं वाळलेलं पान. घड मार खाऊ नयेत म्हणून गाडीच्या तळाशी अंथरतात ते. चिंध्या दारापासून इथपर्यंत एखाददुसरी होती. कपाटासमोर मात्र बऱ्याच, अर्धवर्तुळात.

"कुणीतरी इथं खाली बसलं होतं," ज्योती म्हणाली. "बराच वेळ."

चोर बसत नाही. डिंपलनं चिंध्या पाकिटात भरल्या आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं त्यांच्या घराण्याचा वंशवृक्ष लावला होता. अण्णांच्या नावाशेजारी त्यांच्या थोरल्या भावाचं नाव होतं, रुपचंद. त्याखाली त्यांच्या मुलीचं, दिपमालाचं, आणि त्यापुढं, आजार उतरलाय का म्हणून, पेन्सिलीनं काढलेलं प्रश्नचिन्ह.

रुपचंद आबांच्या केळीच्या बागा होत्या. केळी वाहायला स्वतःची पिकअप होती. आणि स्मशानातून परतताना चारचौघांत ते डिंपलला म्हणाले होते, "माझ्या भावाला तू अर्धवट जाळलंस." तेव्हापासून ते तिच्याशी बोलले नव्हते. दिपमालाचं लग्न याच वैशाखात ठरलं होतं.

३

आबांकडे जाण्याआधी ती धुळ्याला गेली. फोन करता आला असता. पण तिला चेहरा बघायचा होता. बरणी धुळ्याच्या कॉलेजातून रवाना व्हावी, म्हणजे संस्था एकट्या जळगावची वाटणार नाही, यावरून चुडामणभाऊंनी पंधरवड्यामागं फोनवर आवाज चढवला होता.

चुडामणभाऊ दुकानात कूलरसमोर बनियनवर बसले होते. तिला बघून त्यांनी आधी सदरा अंगात घातला, मग पोऱ्याला उसाच्या रसाला पिटाळलं. तिनं सांगितलं तसे ते पुढं झुकत गेले.

"बरनी मी मांगी व्हती, हाई खरं शे," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "तुम्ही जळगाववाला मोठा, आम्ही धुयावाला धाकला, हाई भांडण शेच आपलं. पन मी चोरीसन लयी जासू का, ताई?"

"मी तसं म्हणाले नाही, भाऊ."

"तोंडवर लिखेल शे तुम्हना." ते हसले नाहीत. "बठ्ठं नीट सांगा. कपाटमा काय काय राहीनं?"

डिंपलनं पर्समधून चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. चुडामणभाऊंनी ती उचलली, दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. मग शुद्ध भाषेवर आले. गंभीर झाले की ते तसं करत.

"ही सोडून गेला? मग तो आपल्यातला नाही. सगळे कागद या नंबरावर आहेत. नंबराशिवाय ती बरणी हैदराबादला नेली काय नि लंडनला नेली काय, कुणी हात लावणार नाही. माझी बायको गेली तेव्हा असं काही ठेवायचं मला सुचलं नाही, ताई. जीवरामभाऊंची एकच बरणी आहे आपल्याकडे. ती मला पळवायची असती तर मी ही चिठ्ठी छातीशी धरून नेली असती."

ते खरं होतं. आणि चिठ्ठी तुटून पडली नव्हती. गाठ नखांनी हळूहळू सोडवली होती. दोऱ्याला पीळ तसाच होता. घाईत असलेला माणूस गाठ सोडवत बसत नाही, दोरा तोडतो. न्यायची तर बरणी, आणि ठेवून जायचा तर तिचा नंबर. हे कोणाला हवं असेल?

निघताना चुडामणभाऊ दारापर्यंत आले. "बाईंना येऊ नका म्हणून कळवलं का?"

"अजून नाही. आईला विचारते आणि कळवते."

"आईले काबर?"

डिंपललाही त्याचं उत्तर माहीत नव्हतं. बसस्टँडच्या सावलीत उभं राहून तिनं रावेरला फोन लावला.

"आई, अण्णांची बरणी कपाटात नाही."

पलीकडे कढईत फिरणारा झारा थांबला. मग सुमनबाई म्हणाल्या, "हं."

"हैदराबादच्या बाईंना मी येऊ नका म्हणून सांगणार आहे."

"नको." या वेळी उत्तर लगेच आलं. "तिले येऊ दे. आखाजीले निघालेल्या पाव्हणीले कोणी वाटेतून फिरवतं का? सरळ इकडेच घेऊन ये. मी मांडे करते."

४

दुसऱ्या दिवशी, आखाजीच्या आदल्या सकाळी, डिंपल रावेरला पोचली तेव्हा आबांच्या बागेच्या तोंडाशी पिकअपमध्ये घड चढत होते. मागच्या हौद्यात वाळक्या पानांचा जाड थर होता. आबा बाजूला उभे राहून मजुरांवर ओरडत होते. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, टोपी. तिला बघून ते गप्प झाले.

"आबा, रविवारी तुमची गाडी जळगावला होती?"

"होती. आखाजीचा बाजार कराले गेलतो. का, टोल भरायचा राहिला?"

तिनं पाकीट उघडून चिंध्या तळहातावर घेतल्या. "या आमच्या कपाटासमोर सापडल्या."

आबांनी बघितलं आणि नजर बागेकडे वळवली. वाऱ्यानं केळीची पानं फाटत होती.

"माझ्या पोरीचं नाव तू त्या भिंतीवर लिहिलं," ते म्हणाले. "पुढं प्रश्न काढला. येणारे-जाणारे वाचतेत."

"तो कागद उद्या काढते. बरणी तुम्ही नेली का?"

"तुझ्या त्या खोलीचा उंबरा मी ओलांडला नही. दिपमालाची शपथ."

डिंपलला आबांचा राग माहीत होता, हट्ट माहीत होता. पण लग्न तोंडावर आलेल्या मुलीची खोटी शपथ ते घेणार नाहीत, हेही तिला माहीत होतं. आणि त्यांना घराण्याचा बोभाटाच पुसायचा असता, तर त्यांनी भिंतीवरचा तो कागद आधी फाडला असता, फ्रीजमधल्या नळ्या ओतून दिल्या असत्या. बोभाटा बरणीत नव्हता, भिंतीवर होता. भिंतीला कुणी हात लावला नव्हता.

तरी पानं त्यांच्याच गाडीतली होती.

"अगं, उन्हात काय उभी? घरी जाय," मागून आबांच्या पत्नी वच्छलाकाकू आल्या. हातात आहेराच्या पिशव्या होत्या. "आम्ही शिंप्याकडे चाललो. मागं भरून झालं तरी ह्यांची नुसती आरडाओरड."

त्यांनी केबिनचं दार उघडलं, पदर सावरला आणि आबांच्या शेजारच्या जागेवर चढून बसल्या. पिशव्या मांडीवर घेतल्या. सीटवर पानाचा कण नव्हता. आबाही टोपी काढून आत बसले. त्यांचा पायजमा परीटघडीचा होता.

डिंपल हातातल्या चिंध्यांकडे बघत राहिली. गाडी चालवणाऱ्याच्या अंगाला पान लागत नाही. शेजारी बसणाऱ्याच्याही नाही. पान लागतं ते मागं, हौद्यात बसून आलेल्याच्या लुगड्याला.

आणि पुढची जागा रिकामी असताना मागं हौद्यात कोण बसतं?

५

आबांच्या आणि अण्णांच्या घरांत एक रीत कुणी कधी शिकवली नव्हती आणि कुणी कधी मोडली नव्हती. धाकट्या भावाची बायको जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याचं नाव घेत नाही, आणि त्याच्या शेजारी बसत नाही. अण्णांना दवाखान्यात नेतानाही सुमनबाई याच हौद्यात, अण्णांच्या डोक्याशी बसून गेल्या होत्या. पुढची जागा तेव्हाही रिकामी होती.

घर तिथून जवळ होतं. डिंपल उन्हातून चालत गेली. चालता चालता एकेक गोष्ट जागेवर येत गेली, आणि प्रत्येक वेळी तिचं पाऊल थोडं मंदावलं. अण्णांची किल्ली कपड्यांबरोबर गेली नव्हती. कपडे वाटले ते आईनं. कपाटासमोर बसून राहणारा चोर नव्हता. नंबराची गाठ नखांनी सोडवणाऱ्याला त्या बरणीत नमुना दिसत नव्हता, माणूस दिसत होता.

आणि होळीनंतर आई एकदा बोलली होती, तेव्हा डिंपलनं ते दुःखाचं बोलणं समजून कानाआड केलं होतं. आखाजीला त्यांच्याकडे घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, घास विस्तवावर सोडतात. डिंपलनं सहज म्हटलं होतं, यंदा अण्णांची पहिली घागर. आई म्हणाली होती, "त्यांची भरणार नही मी. माणूस पूर्ण गेल्याबिगर घागर भरत नसतेत."

मागच्या अंगणात ओल्या वाळूवर घागरी धुऊन पालथ्या घातल्या होत्या. आजोबांची. आजीची. आणि त्यांच्या शेजारी तिसरी, नवी, अजून मातीचा वास असलेली.

डिंपल तिथंच, उंबऱ्यावर बसली. म्हणजे अण्णा पूर्ण गेले होते.

६

सुमनबाई मांड्यांचं पुरण वाटत होत्या. त्यांनी मान वर केली, लेकीचा चेहरा पाहिला आणि वरवंटा थांबवला.

"तू रविवारी आबांच्या गाडीत मागं बसून जळगावला गेलीस," डिंपल म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तसा सरळ होता. "आबा खाली थांबले. तू अण्णांच्या किल्लीनं कपाट उघडलंस."

"हो."

"येताना विसर्जनाला तापीवर थांबलात."

"हो."

"आई, उद्या बाई येताहेत." आता आवाज सरळ राहिना. "भूपेंद्र भिंतीला धरून उतरतो. तू पाहिलं नाहीस?"

"तुझ्या आधी पाह्यलं." सुमनबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, माठातून तांब्या भरून तिच्यासमोर ठेवला. "पाणी पी. मग बोल."

डिंपल पाणी प्यायली नाही. "तू सही केली होतीस. अण्णांची इच्छा होती."

"सही केली ती केलीच. ते बोलले ते मी मोडत नही." त्या समोर पाटावर बसल्या. "पण त्या रात्री त्यांचं डोकं बांधून आणलं, दुसऱ्या दिवशी जाळलं, दहावं झालं, तेरावं झालं. मी सारखी मोजते आहे, काय गेलं आणि काय राहिलं. बाकीचं सगळं गेलं आणि तेवढं तिथं लोखंडी कपाटात. नंबर लावून. आता उद्या ती बाई नेणार, आणि चिरणार. चिरू दे, पण कोणाले चिरणार? त्यांना? ते आजून आतच होते ना."

अंगणातून वाळूवर थेंब पडल्याचा आवाज येत होता. कुठलीतरी घागर अजून निथळत होती.

"मी लहान होते तवा आमच्या गावचा एक माणूस पुरात गेला. सापडलाच नही. मग त्याच्या घरच्यांनी कणकेचा माणूस केला आणि तो जाळला. सगळा विधी केला. त्याची घागर भरतेत आजून. मग मी म्हटलं, सबंध माणूस कणकेचा होतो, तर तेवढासा तुकडा का नही होणार?"

डिंपलनं वर पाहिलं.

"बरणी मांडीवर घेतली," सुमनबाई म्हणाल्या. "तिच्यात दिसतं तेवढा, तसाच कणकेचा गोळा केला. तशाच वळ्या काढल्या बोटानं. दोन्ही शेजारी ठेवले. तुझ्या आबांनी, त्यांचा भाऊ म्हणून, गोवरीवर त्या गोळ्याले अग्नी दिला. रडले ते फार. मग राख तापीत सोडली. ती चिठ्ठी आधीच सोडवून ठेवली होती मी. नंबर लावलेल्या माणसाले निरोप कसा द्यायचा?"

"आणि बरणी?"

"फुटली तर काय घ्या, म्हणून गव्हाच्या कोठीत ठेवली आहे. बघ जाय. झाकणाले हात लावला नही."

डिंपल माजघरात गेली. कोठीचं झाकण काढून तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत गव्हात घातले. गहू थंड होते. बोटांना काच लागली. तिनं ती सावकाश वर घेतली. झाकणावर डॉक्टरांची सही होती, लाखेला चीरसुद्धा गेली नव्हती. निघालेल्या पाहुणीला परत फिरवू नको, असं आईनं का म्हटलं होतं ते तिला आता कळलं. ज्यानं बरणी बुडवली असती, त्याला बाई न आलेल्याच हव्या असत्या. ही एवढी साधी गोष्ट तिला फोनवरच दिसायला हवी होती.

"मला का नाही सांगितलंस?" बाहेर येऊन तिनं विचारलं.

"सांगितलं असतं तर तू मले समजावलं असतं." सुमनबाई पुन्हा पाट्याशी बसल्या. "तू फार चांगलं समजावते. मग मी गप बसले असते आणि ते आतच राह्यले असते."

 डिंपलनं बरणी पाटावर, आईच्या समोर ठेवली. सुमनबाईंनी बरणीकडे पाहिलं. जसं दुसऱ्याच्या घरच्या भांड्याकडे बघतात तसं.

"आता ते तिच्यात नहीत," त्या म्हणाल्या. "आता चिरा."

डिंपलनं पर्समधून चिठ्ठी काढली. दोरा बरणीच्या गळ्याभोवती घेतला. एका हातानं बरणी धरून गाठ बसेना. सुमनबाईंनी पुरणाचं बोट बाजूला धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं दोरा दाबून धरला, आणि गाठ बसली.

"उद्या बाईंना हे सगळं सांगावं लागेल," डिंपल म्हणाली. "बरणी दोन दिवस कुठं होती, कुणी नेली, सगळं."

"सांग ना. मांडे वाढताना मीच सांगते. तिलेही माणसं असतील."

दारात चपला वाजल्या. बाजारातून भूपेंद्र आला होता. एका काखेत डांगरं, त्याच हातात आंब्यांची पिशवी. "ताई, तू कधी आली?" म्हणत तो आत शिरला, आणि उंबरा ओलांडताना त्याचा मोकळा हात सरळ चौकटीकडे गेला, तिथून भिंतीवर. भिंत धरत धरत तो अंगणात गेला आणि तिसऱ्या घागरीजवळ डांगरं ठेवायला वाकला.

दोघी त्याच्याकडे बघत होत्या. मग सुमनबाईंनी चिठ्ठीवर नजर टाकली.

"हा एक नंबर ना?"

"हो."

"या घरातून दुसरा नको," त्या म्हणाल्या, आणि वरवंटा हातात घेतला.